तालुक्यातल्या अंगणवाड्यांची तुलना कशी करावी?

प्रश्न (मुळशीकर): घरापासून दोन अंगणवाड्या सारख्याच अंतरावर. तीन वर्षांच्या मुलीसाठी कोणती निवडावी?

रानफूल: सकाळी, न सांगता जा. हजेरीपटावर पस्तीस नावं आणि सतरंजीवर नऊ मुलं दिसली तर कारण विचारा. मदतनीसाची जागा रिकामी आहे का, हेही विचारा. ती नसली की सेविकाताईंनाच खिचडी शिजवावी लागते आणि गाणी, गोष्टी, मणी ओवणं हे सगळं मागे पडतं. माझ्या मते इमारतीच्या रंगापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं.

पाऊलवाट: वजनाच्या दिवशी नक्की जा. काटा आधी शून्यावर आणतात का? चपला, स्वेटर उतरवतात का? नाहीतर आकडा फुगतो आणि कुपोषण लपतं. दंडाचा घेर 11.5 सेंमीपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, लगेच आरोग्य केंद्रात न्यायचं.

मुळशीकर: एकीत पाटीवर अक्षरं गिरवून घेतात. ती चांगली ना?

रानफूल: तिसऱ्या वर्षी नको. बोटांत ताकद नसते, मूल पेन्सिल मुठीत धरतं, तीच सवय लागते. माती, कागद फाडणं, चिमटीने डाळ उचलणं आधी. आणि शौचालयात पाणी येतं का, नळ उघडून बघा.