‘१९४४ ची मिलिटरी जीप’ खरी की रंगवलेली, कसं ओळखायचं?

घाटवाट: एक जीप विकायला आहे. मालकाच्या म्हणण्यानुसार महायुद्धातली ओरिजिनल विलिस, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीची. हिरवा रंग, बॉनेटवर चांदणी, मागे जेरीकॅन. स्टिअरिंग उजवीकडे, रेडिएटरपुढच्या जाळीत सात खाचा. भाव मात्र मिलिटरीचा. कागदपत्रं सोडून गाडीवर काय तपासू?

जुनंलोखंड: चांदणी आणि जेरीकॅन कोणीही लावतं. युद्धातली मॉडेलं दोन, विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू, दोन्ही डाव्या स्टिअरिंगच्या. जाळीत नऊ खाचा. फक्त अगदी सुरुवातीच्या एमबींना खाचांऐवजी वेल्ड केलेल्या पट्ट्या. हेडलाइट लहान, जाळीच्या आत. बॉनेट उघडून हात घाला: हेडलाइट बिजागरीवर असतो, नट सैल करून उलटा फिरवला की उजेड थेट इंजिनावर. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, सीट उचलून भरायची. सात खाचा, मागे फाळका, बाजूला स्टेपनी हे १९४५ च्या नागरी सीजे-२ए पासूनचं.

चासीनंबर: जाळी कापून बदलतात, म्हणून चासी बघा. रेडिएटरखालचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलिस, पन्हळीसारखा चौकोनी असेल तर फोर्ड. फोर्डच्या बोल्टांच्या डोक्यावरही ‘एफ’ असतो. इंजिन नंबर जुळला नाही म्हणून गाडी खोटी ठरवू नका, इंजिनं सैन्यातच बदलली जायची.

अॅक्सलही तपासा. पुढच्या चाकांना उटी, गिअर न्यूट्रल, हॅण्डब्रेक सोडलेला (तो चाकांवर नाही, गिअरकडून मागच्या अॅक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टवरच लागतो). मागचं एकच चाक जॅकवर घेऊन पूर्ण दोन फेरे फिरवा (दुसरं चाक थांबलेलं असतं, म्हणून दोन फेरे एक धरायचे) आणि शाफ्टचे फेरे मोजा. पाचाला जरा कमी म्हणजे ४.८८, युद्धातल्या अॅक्सलचा रेशो. साडेपाचाच्या जवळ म्हणजे ५.३८, सीजेचा.

घाटवाट: खाचांच्या वर बराच कोरा पत्रा आहे, बॉनेटही उंच.

जुनंलोखंड: मग ती सीजे-३बी, बहुधा महिंद्राची. १९५३ च्या या मॉडेलला हरिकेन इंजिन बसवलं; त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट वर गेलं. क्षमता तीच, १३४ घनइंच. विलिसच्या जीपा महिंद्राने १९४९ पासून मुंबईत माझगावला जोडल्या. उजवं स्टिअरिंग तिकडचं. गाडी छान असेल, पण १९४४ ची नाही. भाव त्याप्रमाणे पाडा.

चासीनंबर: ‘ओरिजिनल विलिस’ या शब्दालाही फार भुलू नका. सप्टेंबर १९४० मध्ये सैन्याकडे पहिला नमुना पोहोचवला अमेरिकन बँटम या कंपनीने. कारखाना लहान पडला, मोठं काम विलिस आणि फोर्डला गेलं. जीप आपणच घडवली अशी जाहिरात विलिसने केली तेव्हा अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९४८ मध्ये ती अडवली. पुढे ब्रँड कैसर, एएमसी, क्रायस्लर असा फिरत आता स्टेलांटिसकडे आहे.

आणि चाक काढणार असाल तर डावीकडचे नट उलट्या आट्यांचे असतात. सवयीने पान्यावर उभे राहिलात तर स्टडच तुटेल.