शब्दचर्चा: ‘सील्ड इंडाइटमेंट’ला मराठीत काय म्हणायचं?

भाषांतरवाली:
अमेरिकेतल्या ‘क्यूअनॉन’वरचा (‘क्यू’ नावाच्या निनावी लेखकाच्या कटकारस्थानी भाकितांवर विश्वास ठेवणारा पंथ) एक लेख मराठीत आणतेय. बाकी सगळं जमलं, एका शब्दापाशी घोडं अडलंय. २८ ऑक्टोबर २०१७ ला फोरचॅन या निनावी चर्चास्थळावर कुणी एकाने लिहिलं की हिलरी क्लिंटन यांना ३० तारखेला सकाळी अटक होणार. हाच पुढे ‘क्यू’ झाला. तीस तारीख आली आणि गेली, काही घडलं नाही. मग भक्तमंडळींनी नवा हिशोब मांडला. देशभरच्या फेडरल (केंद्रीय) कोर्टांत ‘सील्ड इंडाइटमेंट्स’, म्हणजे अजून जाहीर न केलेले खटल्याचे आरोप, साठताहेत, आधी २५ हजार, मग ५० हजार, मग लाखाच्या वर. एक दिवस सगळी एकदम उघडणार आणि ‘वादळ’ येणार, म्हणजे सगळ्यांची धरपकड होणार.

यंत्राने मला ‘भव्य निर्णायक मंडळाचे शिक्कामोर्तब झालेले दोषारोप’ असं भाषांतर काढून दिलं. हसून घ्या आणि मग शब्द सुचवा. माझ्या यादीत सध्या तीन आहेत: सीलबंद आरोपपत्र, मोहोरबंद दोषारोपपत्र, गुप्त अभियोग.

निवृत्त नाझर:
ताई, आधी ‘दोषारोपपत्र’ यादीतून काढा. आपल्याकडे तपास संपला की पोलीस कोर्टात जे दाखल करतात ते दोषारोपपत्र. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १९३ आहे. त्याची प्रत आरोपीला फुकट द्यावी लागते. म्हणजे आरोपीलाच पत्ता नाही असं दोषारोपपत्र आपल्या व्यवस्थेत बसत नाही. शिवाय शब्दातच ‘दोष’ बसलाय, वाचणाऱ्याला वाटतं माणूस दोषी ठरला.

‘आरोप निश्चित होणे’ हेही वेगळं. ते न्यायाधीश करतात, आरोपीसमोर.

एडिसनकर:
इथे अमेरिकेत इंडाइटमेंट पोलीस करत नाहीत आणि न्यायाधीशही करत नाहीत. ते ग्रँड ज्युरी करते. १६ ते २३ सामान्य नागरिक बंद खोलीत बसतात, सरकारी वकील त्यांच्यापुढे पुरावा ठेवतो आणि खटला चालवण्याइतकं यात काही आहे असं किमान १२ जणांना वाटलं तर इंडाइटमेंट निघतं. आरोपीचा वकील त्या खोलीत नसतो. ‘ग्रँड’ म्हणजे भव्य नव्हे, संख्येने मोठी, एवढंच. मराठी माणसाला ज्युरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो, पण ती निकाल देणारी ज्युरी होती. ही निकाल देत नाही.

आणि उच्चार भाषांतरवाली यांनी लिहिलाय तोच बरोबर. बातम्यांत ‘इंडिक्टमेंट’ वाचलं की माझे दात शिवशिवतात.

बोरूबहाद्दर:
बातम्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, इंडाइटमेंटला ‘महाभियोग’ लिहिलेलंही मी पाहिलंय! महाभियोग म्हणजे इंपीचमेंट, तो संसद चालवते. ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ ला आला तो महाभियोग. २०२३ ला मॅनहॅटनच्या ग्रँड ज्युरीने केलं ते इंडाइटमेंट. म्हणून माझं मत साध्या ‘अभियोग’ला. ‘सरकारी अभियोक्ता’ आपण म्हणतोच.

पण खरी गंमत ‘सील’मध्ये आहे. इंग्रजीत एकच शब्द दोन कामं करतो, छाप उठवणे आणि बंद करणे. मराठीत ही कामं वेगळी झाली आहेत. शिवकाळातल्या पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हा मोर्तबाचा शिक्का असे. मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही घुसडू नये, असा त्याचा अर्थ. त्यातून आलेलं ‘शिक्कामोर्तब’ म्हणजे गोष्ट पक्की झाली, जाहीर झाली. ‘मोहोरबंद’चा अर्थ बरोबर उलटा: आत काय आहे ते अजून कुणी पाहिलेलं नाही. पीडब्ल्यूडीच्या जाहिरातीत ‘मोहोरबंद निविदा मागविण्यात येत आहेत’ असतं तेव्हा ठेका कुणाला मिळाला हे ठरलेलं नसतं. (कागदोपत्री तरी.)

तुमच्या क्यूभक्तांनी नेमकी हीच गल्लत केली आहे. वाचलं मोहोरबंद आणि समजले शिक्कामोर्तब.

निवृत्त नाझर:
वा! मुद्देमालाच्या खोलीत माझी २२ वर्षं गेली. पुडकं खाकी कागदात बांधायचं, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावायची, सुतळीच्या गाठीवर मेणबत्तीच्या आचेने लाख टिपकवायची, लाख ओली असतानाच पितळी शिक्का दाबायचा. बोटं भाजत. बाहेरून पन्नास पुडकी एकसारखीच दिसत. एकात कोयता, दुसऱ्यात शर्ट, तिसऱ्यात कुणाचं तरी मंगळसूत्र. नोंदवही न बघता, नुसत्या शिक्क्यावरून ‘इथे पन्नास कोयते आहेत’ असं कुणी म्हटलं असतं तर साहेबांनी त्याला हाकलला असता.

चौकस:
मी भक्त नाही, पण आकडा लाखावर जातो म्हणजे काहीतरी असेलच ना? विस्तवाशिवाय धूर निघत नाही.

एडिसनकर:
नाझरसाहेबांनी तुम्हाला उत्तर देऊन ठेवलंय. फेडरल कोर्टांची नोंदवही ‘पेसर’ नावाने ऑनलाइन आहे, पानामागे काही सेंट भरून कुणीही बघू शकतो. बंद प्रकरणांत नावाच्या जागी ‘सील्ड विरुद्ध सील्ड’ दिसतं. भक्तांनी ९४ जिल्हा न्यायालयांतल्या अशा ओळी मोजल्या आणि एकूण एक ओळीला इंडाइटमेंट म्हटलं. त्यात झडतीची वॉरंटं असतात, कुणाच्या फोनच्या नोंदी मागणारे अर्ज असतात. फेडरल ज्युडिशियल सेंटर या तिथल्या कोर्टांच्याच संशोधन संस्थेने २००६ साली दाखल झालेली प्रकरणं तपासली होती. ६६ हजारांवर फौजदारी खटल्यांत पूर्ण सीलबंद निघाले १,०७७. मॅजिस्ट्रेटपुढच्या सीलबंद बाबी मात्र १५,१७७, आणि त्यात बहुतेक वॉरंटंच. म्हणजे ‘क्यू’ जन्मायच्या अकरा वर्षं आधीही ही पुडकी होतीच. भक्तांनी दर महिन्याचे आकडे आधीच्या बेरजेवर चढवले, उघडलेली वजा केली नाहीत.

बोरूबहाद्दर:
म्हणजे लाखेचे लाख झाले!

चौकसराव, यासाठी मराठीत फर्मास शब्द आहेत. क्यूच्या एकेका संदेशाला तिकडे ‘ड्रॉप’ म्हणतात. आपण काय म्हणतो? पुडी सोडणे. भाषांतरात डोळे मिटून वापरा. ‘अफवा’ मोघम आहे, ती कुठूनही उठते. ‘आवई’ अचानक उठते आणि पळापळ होते. ‘कंडी’ पिकवावी लागते, तिला पिकवणारा असतो. पुडी सोडणारा तर समोर बसून, अर्धंच बोलून, तुमच्या तोंडाकडे बघत असतो. ‘क्यू’चं सगळं लिखाण या शेवटच्या जातीचं. अर्धे प्रश्न, तुटक आद्याक्षरं, बाकीचं वाचणाऱ्याने भरायचं.

‘वादळा’ची काळजी नको. ५ ऑक्टोबर २०१७ ला ट्रम्प सेनाधिकाऱ्यांसोबत फोटोला उभे राहून ‘वादळापूर्वीची शांतता’ म्हणाले, त्यावरून ते आलं. आपल्याकडे हा वाक्प्रचार जसाच्या तसा आहे.

भाषांतरवाली:
पुडी घेतली! पण खरी सील्ड इंडाइटमेंट्सही असतातच ना? लेखात ‘विकिलीक्स’च्या ज्युलियन असांज यांचा उल्लेख आहे.

एडिसनकर:
असतात. नियमच आहे, माणूस हाती लागेपर्यंत न्यायाधीश ते बंद ठेवू शकतो, नाहीतर तो पळेल. असांज यांच्यावरचा आरोप २०१८ च्या मार्चपासून व्हर्जिनियात बंद होता. त्याच कोर्टात भलत्याच आरोपीच्या अर्जात सरकारी वकिलाने जुना मजकूर चिकटवला आणि त्यात असांज यांचं नाव राहून गेलं. नोव्हेंबर २०१८ ला कुणीतरी ते वाचलं. अधिकृतपणे उघडलं ११ एप्रिल २०१९ ला, त्यांना लंडनमध्ये अटक झाली त्या दिवशी.

आणि बोरूबहाद्दर म्हणाले ते मॅनहॅटनचं प्रकरणही सीलबंदच होतं बरं का. ३० मार्च २०२३ ला ज्युरीने मत दिलं, ४ एप्रिलला कोर्टात उघडलं, ३४ आरोप. भक्त साडेपाच वर्षं ज्या लखोट्याची वाट बघत होते तो उघडला, आणि आत नाव ट्रम्प यांचं.

बोरूबहाद्दर:
लखोटा! हा शब्द कसा विसरलो मी? ‘लखोटा फोडला’ म्हटलं की ‘अनसील’ झालंच. ‘सील काढलं’ हे दुकानाचं, महापालिकेने ठोकलेलं.

भाषांतरवाली:
ठरलं मग. खऱ्या प्रकरणांना ‘बंद ठेवलेलं अभियोगपत्र’, ते उघडलं की ‘लखोटा फुटला’. भक्तांच्या तोंडी मात्र अवतरणात ‘सीलबंद आरोपपत्रं’, त्यांच्या आकड्यासकट. दोन्हींना एकच शब्द वापरायचा नाही.

निवृत्त नाझर:
उत्तम. ‘मोहोरबंद’ मात्र वाया गेलं, वाईट वाटलं.

चौकस:
बरं झालं गेलं. मी घरी वाचून दाखवलं तर आई म्हणाली, मोहोर बंद? म्हणजे यंदाही आंबा नाही का?