मदत हवी आहे : कवळी घालून स्कायडायव्हिंग

आम्ही मालवणचे. बाबांना (वय ६८) प्रशिक्षकाबरोबर बांधून मारतात ती टँडम उडी मारायची आहे. तब्येत ठणठणीत, डॉक्टरांची हरकत नाही. प्रश्न कवळीचा आहे. वरची पूर्ण, खाली तारेची छोटी अर्धी.

१०,००० फुटांवरून उडी मारल्यावर वेग ताशी २०० किमीच्या आसपास जातो. त्यात माणूस ओरडणारच. वरची कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरावर. वारा आत शिरला तर ती सुटेल असं वाटतं. हरवली तर नवी करता येईल, पण खालची छोटी घशात गेली तर? खरी धास्ती तिचीच आहे.

काढून खिशात ठेवा म्हटलं, तर बाबा ऐकत नाहीत. फोटोत बोळकं तोंड नको म्हणतात, आणि ते मला पटतं. इतक्या हौसेने चाललेत.

कवळी चिकटवायच्या क्रीमवर कुणी उडी मारली आहे का? वरची ठेवून फक्त खालची काढली तर चालेल? तोंड झाकणारं हेल्मेट टँडमवाल्यांना मिळतं का? कुणी दंतवैद्य असतील तर कृपया सांगा, बुकिंग त्यावरच अडलंय.