लक्षणीय फरक की सार्थक फरक?

परळकर: एका आरोग्य अहवालाचं मराठी करतोय. दोन वस्त्यांतल्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासलंय, एका गटाला लोहाच्या गोळ्या आणि आहाराचा सल्ला, दुसऱ्याला नुसत्या गोळ्या. 'सिग्निफिकंट डिफरन्स'ला, म्हणजे निव्वळ योगायोगाचा वाटत नाही अशा फरकाला, मी 'लक्षणीय फरक' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी 'सार्थक' करून परत पाठवलं. सार्थक म्हटलं की मला जन्माचं सार्थकच आठवतं हो. तुम्ही काय वापरता?

दादरची ताई: सार्थकच. एमएडचे प्रबंध बघा, 'सार्थकता स्तर ०.०५' सगळीकडे असतं.

गोरेगाव पूर्व: प्रबंधात असतं म्हणून बरोबर कसं? पण लक्षणीयही नकोच, पेपरात 'लक्षणीय वाढ' म्हणजे भरपूर वाढ. इथे तसं नाहीये, हजारो बायका तपासल्या तर हिमोग्लोबिनमधला किरकोळ फरकसुद्धा सिग्निफिकंट निघतो आणि वीसच तपासल्या तर चांगला मोठा फरकही हातचा निसटतो. सरळ सिग्निफिकंट लिहा, लोकांना कळतं.

दादरची ताई: कळतं कुठे? वस्तीतल्या आरोग्यसेविकेने वाचायचंय ना ते?

ठाणेवैभव: माझा आक्षेप त्याच प्रबंधांतल्या दुसऱ्या वाक्यावर आहे, 'म्हणून शून्य परिकल्पनेचा स्वीकार करावा लागतो'. शून्य परिकल्पना म्हणजे गटांत फरक नाहीच हे गृहीतक. अहो स्वीकार कसला, त्याग करण्याइतका पुरावा मिळाला नाही एवढंच! पी व्हॅल्यू इतकंच सांगते की गटांत खरा फरक नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून जास्त फरक दिसायची शक्यता किती. फरक नाही हे तिने सिद्ध होत नाही, आणि ती ०.०५च्या खाली आली की फरक सिग्निफिकंट, ही रेघही संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२५च्या पुस्तकात सोयीची म्हणून दिलेली, लोकांनी तिचा कायदा केला. परळकर, अहवालात 'फरक आढळला नाही' असं कुठे असेल तर आधी ते बघा, आणि सरासरीतला फरक किती ग्रॅमचा ते आकड्यात लिहाच.

परळकर: आहे एका ठिकाणी. 'फरक असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही' करतो. संख्याशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकांना दाखवतो पाठवायच्या आधी.

गोरेगाव पूर्व: सांख्यिकी म्हणा. वांद्र्याला सरकारचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे.

दादरची ताई: सरकारी शब्द तो. आम्ही कॉलेजात संख्याशास्त्रच म्हणत आलो.

ठाणेवैभव: दोन्ही संख्येवरूनच आलेत, सांख्य दर्शनसुद्धा, त्यात २५ तत्त्वं मोजलीत.

दादरची ताई: ते मोजण्यावरून नाही हो, सम्यक् ख्याती म्हणजे नीट जाणणं, त्यावरून. आमच्या संस्कृतच्या बाई असंच शिकवायच्या.

ठाणेवैभव: तोही अर्थ देतात, पण मला मोजणीचाच पटतो.