वडिलांचा ब्रिटनचा व्हिसा नाकारला. आता काय करावे?

कराडकर:
लीड्सला माझ्या बहिणीकडे दोन महिने राहण्यासाठी निवृत्त शिक्षक असलेल्या वडिलांनी केलेला व्हिसाचा अर्ज गेल्या आठवड्यात नाकारला गेला. अर्जाच्या नऊ दिवस आधी खात्यात जमा झालेले ४ लाख रुपये कुठून आले हे स्पष्ट होत नाही आणि वडील भेटीनंतर मायदेशी परत जातील याची खात्री पटत नाही, असे नकारपत्रात म्हटले आहे. ती रक्कम त्यांनी स्वतःचीच मुदत ठेव मोडून भरली होती. एजंट म्हणतो, सहा महिने थांबा आणि पुढच्या अर्जात नकाराचा उल्लेखच करू नका. अपील करता येते का?

जुनाप्रवासी:
भेटीच्या व्हिसाला, मानवी हक्कांचा मुद्दा वगळता, अपील नाही. न्यायालयीन पुनर्विलोकनाची वाट आहे, पण चार लाखांच्या खुलाशासाठी तिकडे जाणे मला शहाणपणाचे वाटत नाही. थांबण्याचा नियमही नाही. शुल्क पुन्हा भरून केव्हाही नवा अर्ज करता येतो. ठेव मोडल्याची पावती, मूळ प्रमाणपत्र आणि खातेउतारा एकत्र जोडा; व्याज व कापलेला कर यांमुळे आकड्यांत जो फरक दिसेल, तोही एका ओळीत समजावून सांगा, कारण अधिकारी फोन करून विचारत बसत नाही. एजंटाचा दुसरा सल्ला मात्र घातक आहे. पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का, असा सरळ प्रश्न अर्जात असतो आणि खोटे उत्तर फसवणूक ठरल्यास १० वर्षे व्हिसा मिळत नाही.

माणदेशी:
माझ्या आईच्या पहिल्या अर्जात आम्ही सातबारा मराठीतच जोडला होता, आणि त्यावर तिचे नाव शेवटून दुसरे, तेही माहेरच्या आडनावाने! कागद इंग्रजी किंवा वेल्श भाषेत नसेल तर संपूर्ण भाषांतर लागते आणि त्यावर ते अचूक असल्याची भाषांतरकाराची ग्वाही, तारीख, नाव, सही व संपर्क असावा लागतो. दुसऱ्या वेळी ते सर्व केले, शिवाय नावातील बदलाचे प्रतिज्ञापत्र जोडले. आपल्या वडिलांच्या बाबतीत निवृत्तिवेतनाचा आदेश आणि घरी कोण राहणार आहे, हे सातबाऱ्यापेक्षा अधिक बोलेल.

कराडकर:
दोघांचेही आभार. ठेवीची पावती पासबुकाच्या पाकिटातच सापडली. एजंटाने भरलेल्या अर्जाची प्रत आज मागवून घेतली, तर तिच्यात निवृत्तिवेतनाचा उल्लेखच नाही.