मदत हवी आहे: उतारात दडलेल्या घराची मागची भिंत डोंगराला टेकवावी की मोकळी सोडावी?

नमस्कार मंडळी,

डोंगरउतारावर घर बांधायचं ठरलंय. खालून पाहिलं तर फक्त दगडी दर्शनी भिंत दिसावी आणि वरचं गवत उतारावरून सलग छपरावर यावं, अशी फार इच्छा आहे. डोंगर सपाट करून त्यावर घर ठेवणं मनाला पटत नाही.

जमीन तीन मीटर अंतराला एक मीटर चढते. दर्शनी भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत नऊ मीटर धरले, तर मागे छप्पर बरोबर उताराला जाऊन मिळतं. कागदावर हे इतकं सुंदर दिसतं की मोडवत नाही! पण मागच्या खोल्यांना ना खिडकी, ना वारा.

छपराचं गणित झालंय. ३० सेंटिमीटर माती पूर्ण भिजली की चौरस मीटरला साधारण ६०० किलो भार येतो, म्हणजे घरात माणसांच्या वावरासाठी धरतात त्याच्या तिप्पट. स्लॅब त्या हिशोबानं धरला आहे. झोप उडालीय ती मागच्या भिंतीमुळे. तिच्यामागे पाणी तुंबलं तर तीन मीटरवर, तळाशी, नुसत्या पाण्याचाच दाब चौरस मीटरला तीन टन. मातीचा रेटा वेगळा. बाहेरून वॉटरप्रूफिंग, त्यापुढे खडी आणि जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), पायाशी छिद्रांचा पाइप, एवढं योजलंय. पण दहा वर्षांनी एखादा सांधा झिरपला, तर तो शोधायला अख्खा डोंगर उकरायचा का?

दुसरा पर्याय म्हणजे दोन मीटर जागा सोडून डोंगर वेगळ्या आधारभिंतीनं रोखायचा. मग गवताची सलगता तुटते. कुणी असं घर बांधलंय का? काय केलंत?

प्रतिसाद १

मोकळी सोडा. आधारभिंतीला ओल आली तरी चालते, घराच्या भिंतीला नाही. शिवाय मागे उजेड, वारा आणि बाहेर पडायला दुसरी वाट मिळते. नऊ मीटर आत एका बाजूनं उजेड पोचत नाही. मात्र ते अंगण म्हणजे पाण्याची टाकी होऊ शकते. जमीन घरापेक्षा हातभर खाली ठेवा आणि पाणी जायला दोन वाटा द्या. एक पाल्यानं तुंबतेच. डोंगराचं पाणी खाली येण्याआधीच वळवायला वरच्या अंगाला चर हवाच.

प्रतिसाद २

सलगतेचा एवढा धसका घेऊ नका. स्वित्झर्लंडमधल्या व्हाल्स गावात २००९ साली झालेलं घर डोंगराच्या पोटात आहे, तरी खोल्या उघडतात त्या उतारात कोरलेल्या गोल अंगणात. ते अंगण उताराला शोभतं.

एक आणखी. गार भिंतीवर दिसणारी ओल दर वेळी पाझर नसते. दमट हवेतलं बाष्पही तिथे जमतं. उष्णतारोधक थर भिंतीच्या बाहेरून द्या, म्हणजे आतला पृष्ठभाग फार गार पडणार नाही. आणि खोदाई पावसाळ्यात नको, टप्प्याटप्प्यानं करा. त्याआधी भूतंत्र अभियंत्याकडून माती तपासून घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पाण्याला दोन वाटा देण्याचा विचार सुचलाच नव्हता. अंगण सरळ न ठेवता उताराच्या वळणानं नेलं तर कसं दिसेल, ते आज काढून बघतो. आधारभिंत वळणदार असली तर रेटा पेलायला मदत होते का? वळण डोंगराच्या बाजूला फुगीर हवं ना?