प्रतिसाद: कॉलेजातच काम मिळेल का?
ताई, तुम्ही विचारलंत की मुलाला दापोलीला कृषीला अॅडमिशन मिळालीय, मेसपुरते पैसे निघतील असं काम तिथल्या तिथे मिळेल का, तर त्याला बिनधास्त विचारायला सांगा, यात लाजण्यासारखं काहीच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून 'कमवा आणि शिका' आपल्याकडे रुजलंय, आता बऱ्याच कॉलेजांत ही योजना असते, फक्त नोटीस बोर्डाच्या कोपऱ्यात लागते नि जागा पटकन भरतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज, पासबुकची झेरॉक्स आणि टाइमटेबल घेऊन ऑफिसात जायचं. लायब्ररी, लॅब, नर्सरी, सगळीकडे विचारायचं.

मी रत्नागिरीत लायब्ररीत होतो. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरायची, एकेक उघडून पंख्याखाली ठेवायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, मग पुन्हा नंबराप्रमाणे लावायचं, आणि खरं सांगतो, त्यातच माझं वाचन वाढलं.

एकच, तास रोजच्या रोज रजिस्टरला लिहून सही घ्यायची. मी ते केलं नाही म्हणून दोन महिन्यांचे पैसे अडकले होते. आणि बाहेर हॉटेलात रात्रीची ड्युटी नको हो, सकाळचं प्रॅक्टिकल बुडतं.